सहा सेंटिमीटर

शेफील्डमध्ये रस्ता म्हणजे चढ, नाहीतर उतार.
आमच्या गल्लीत तर गाड्या अशा लागतात
की पहिलीचा ब्रेक सुटला
तर सगळ्या मिळून तळाच्या चर्चमध्ये जातील.
त्यांतली सर्वांत बुटकी आमची :
मायक्रा, शेवाळी रंगाची, दारं तीन.
डिकीसुद्धा दार म्हणून मोजतात
हे मला इथं आल्यावर कळलं.

लेक पाच आठवड्यांची.
नाव ठरायचंय.
बेचाळीस दिवसांच्या आत कचेरीत जाऊन सांगावं लागतं.
श्रीरंग म्हणाला, आधी गाडीचं ठरवू.
अवघड प्रश्न आला
की तो शेजारचा सोपा घेतो.

शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन खाली उतरलो.
डिकीचं तोंड : शहाण्णव.
बाबागाडी, घडी घालून : एकशे दोन.
"सहाच सेंटिमीटरचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला.
सहाच.
पहाटे चार वाजता मिडवाइफ हातमोजा काढत म्हणाली होती,
सहा झाले गं, अजून चार.
सहा सेंटिमीटर म्हणजे किती
हे मला आता कुणी सांगू नये.

मग बाळाची खुर्ची मागे लावून पाहिली, उलट्या तोंडाची.
पुढची सीट इतकी सरकवावी लागली
की अंथरूण पाहून पाय पसरणारा माझा नवरा
गुडघे हनुवटीशी घेऊन बसला,
आणि बरं आहे म्हणाला.
पुढची सीट पाडून, वाकून, बाळाला आत सरकवायला
मी गेले, तर टाके बोलले.
मी काही बोलले नाही.

शनिवारी रॉदरहॅमच्या शोरूममध्ये
क्रेग नावाच्या मुलाने पांढरी, उंच गाडी दाखवली.
दार आपोआप उघडलं.
डिकीत आमचं स्वयंपाकघर मावलं असतं, वर पाट मांडून चौघं.
महिना दोनशे एकोणनव्वद पौंड, चार वर्षं.
माझा पगार मे महिन्यापासून शून्य.
मी स्टिअरिंगमागे बसून सवयीने हात मागे नेला.
हात हवेतच राहिला.
मायक्रात तो पोचतो.
अ‍ॅबीडेल रोडच्या लाल दिव्याला
मी न बघता तिच्या पायाचा अंगठा धरते
आणि हिरवा होईपर्यंत सोडत नाही.
क्रेगला हे काय सांगणार?
त्याने कागद दिला, मी पर्समध्ये ठेवला.

परतल्यावर पुन्हा डिकी उघडली.
कोपऱ्यात, गालिच्याच्या केसांत, तांदळाचे दाणे.
सातव्या महिन्यात संहिताने ओटी भरली होती.
तांदूळ, खण, तुर्की दुकानातला नारळ,
सगळं हिच्यातच ठेवलं, आणि उतारावर नारळ सुटला.
घरापर्यंत धडका देत आला,
आतून लाथा मारल्यासारखा.
म्हणजे ओटी हिचीही भरली होती तर.
आणि एप्रिलात हिची एमओटी आहे.
या विनोदावर मी एकटीच हसले,
मग टाक्यांवर हात ठेवून थांबले.

बाबागाडीची पुढची चाकं खट्कन निघतात.
हे पुस्तिकेत तेराव्या पानावर होतं.
आम्ही पान सहावर भांडत होतो.

चाळिसाव्या दिवशी नाव सांगायला निघालो.
श्रीरंग पुढे, गुडघे हनुवटीशी,
मांडीवर दोन चाकं,
एकातून घरासमोरचा चिखल पँटवर गळतोय.
नाव रात्री दोनला ठरलं, त्याने तळहातावर लिहून घेतलंय.
मी पहिला गिअर टाकला.
याच चढावर माझी परीक्षा तीनदा गेली होती,
गाडी मागे घसरून.
आजही घसरली, वीतभर.
मागे कुणीतरी उचकी दिली.
मग चढलो.

पांढऱ्या गाडीचा कागद अजून पर्समध्ये आहे.
एप्रिल होऊ दे,
मग बघू.